साडेबारा म्हणजे किती?

कळंबोलीत ‘साडेबारा’ ही घड्याळातली वेळ नसते. रिक्षात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात हा शब्द कानावर येतो तो असा: ‘त्यांचं साडेबारा झालं’, ‘ती इमारत साडेबाराची आहे’, ‘भावाभावांत साडेबारावरून बिनसलंय’. बाहेरून राहायला आलेल्याला उलगडा व्हायला जरा वेळ लागतो. हे एका सरकारी योजनेचं नाव आहे. नवी मुंबईसाठी ज्यांची भातशेती आणि मिठागरं गेली, त्यांना संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत द्यायचा, असा निर्णय १९९० मध्ये झाला आणि १९९४ मध्ये त्यात सुधारणा झाली. तेव्हापासून पनवेल, उरण, बेलापूर या सगळ्या पट्ट्यात एक अपूर्णांक लोकांच्या तोंडी नाम होऊन बसला आहे.

तो अजून संख्या आहे, की आता नुसतं नाव उरलं आहे? प्रश्न पुस्तकी वाटतो. कळंबोलीत मात्र त्याच्या उत्तराला गुंठे चिकटलेले आहेत. म्हणूनच या शब्दावरून एका मामा-भाचीत जी खडाजंगी होते, ती ऐकण्यासारखी आहे.

मामा मूळचे कळंबोली गावातले, आगरी. जमीन गेल्यावर त्यांनी लोखंड बाजारात वजनकाट्यावर कारकुनी केली. निवृत्त झाल्यापासून ते शेजारपाजारच्यांचे भूखंडाचे अर्ज भरून देतात. भाची पुण्याला डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकली. तिचा ओढा जुन्या भाषांकडे, त्यातही जुन्या आयरिशकडे, आणि त्यातही तिथल्या संख्यावाचक शब्दांकडे. एकाचं आयुष्य आकडे मोजण्यात गेलं, दुसरीचं आकड्यांना दिलेली नावं तपासण्यात चाललं आहे.

भाची सुरुवात व्याकरणापासून करते. “मामा, तुम्ही ‘आमचं साडेबारा झालं’ म्हणता. ‘आमचे साडेबारा टक्के मिळाले’ असं कुणी म्हणत नाही. टक्के गळाले, अनेकवचन गळालं, नपुंसकलिंगी एकवचन आलं. वर ‘साडेबाराचा’, ‘साडेबारावाले’ अशी रूपं चालायला लागली. संख्या अशी वागत नाही, नाम वागतं. हा शब्द आता मोजत नाही, ओळख सांगतो.”

“बोलायला सोपं पडतं म्हणून म्हणतो,” मामा म्हणतात. “म्हणून माझे टक्के गळाले का?”

भाचीचं म्हणणं असं की यात कुणाचा लबाडपणा नाही. जगभरच्या भाषांत हेच झालेलं आहे. तिचं आवडतं उदाहरण मध्ययुगीन आयर्लंडमधलं ‘त्रीखा केद’. शब्दशः ‘तीस शतं’, म्हणजे तीन हजार. यातला ‘त्री’ आपल्या त्रि-चा भाऊ आणि ‘केद’ आपल्या शत-चा. लॅटिनमधला ‘केन्तुम’ हाही त्याच घरातला. आयरिश आणि लॅटिनकडे मूळचा क टिकला, संस्कृत आणि अवेस्ताकडे त्याचा श-स झाला. इंडो-युरोपीय भाषांच्या दोन मोठ्या गटांना विद्वानांनी नावं दिली ती याच शंभराच्या शब्दावरून. वीसलाही तसाच भाऊ आहे: विंशति, आयरिश ‘फिखे’, लॅटिन ‘विगिन्ती’, फारसी ‘बीस्त’. सगळ्यांचा मूळ अर्थ ‘दोन दहा’.

जुन्या आयरिश कथांमध्ये त्रीखा केद म्हणजे तीन हजारांची फौज. पुढे अकराव्या-बाराव्या शतकाकडे यावं तर तोच शब्द मुलखाच्या एका विभागाचं नाव झालेला दिसतो, साधारण आपल्या परगण्यासारखा. ११६९ नंतर नॉर्मन सरदार आले, त्यांनी हे विभाग जवळजवळ जसेच्या तसे उचलले आणि ‘कॅन्ट्रेड’ म्हणून आपल्या कारभारात बसवले. पॉल मॅकॉटर या संशोधकानं २००८ मध्ये या सगळ्या विभागांचा सविस्तर अभ्यास पुस्तकरूपानं मांडला. “आता सांगा,” भाची म्हणते, “त्या परगण्यात राहणाऱ्या शेतकऱ्याला रोज उठून तीस शतं मोजायची गरज होती का? तीन हजार हे त्याच्या मुलखाचं नाव होतं. तेवढ्यावर त्याचं भागत होतं.”

मामांना आयर्लंड लांब पडतं. मग भाची कोकणात उतरते, आणि इथे तिची बाजू खरोखर भक्कम आहे. ठाण्याच्या शिलाहार राजांच्या ताम्रपटांत उत्तर कोकणचा उल्लेख ‘चौदाशे गावांचा’ म्हणून येतो. मुंबई ज्या बेटाच्या अंगावर पसरली त्या साष्टीचं नाव षट्षष्टी, म्हणजे सहासष्ट गावं, यावरून आलं. गोव्यात दुसरी साष्टी आहे, शेजारी तिसवाडी आहे, बारदेश आहे. घाटावर बारा मावळं. दक्षिणेकडे गेलं की शिलालेखांतले आकडे डोळे दिपवतात: बनवासी बारा हजार, गंगवाडी शहाण्णव हजार. हे आकडे गावांचे, महसुलाचे, की नुसती रूढी, यावर इतिहासकारांचं आजवर एकमत झालेलं नाही. नाव मात्र शतकानुशतकं चाललं. साष्टीत पुढे किती गावं वाढली, किती बुडाली, कुणी नाव बदललं नाही.

“साष्टीची सहासष्टच गावं राहिली पाहिजेत असं साष्टीकर कधी म्हणाले का?” भाची विचारते.

“नाही म्हणाले. पण सहासष्ट गावं लिहून त्यांना पन्नासच कुणी मोजून दिली होती का?” मामा विचारतात. “तिथं नाव आधीच्या लोकांनी मोजून ठेवलं. आमच्या इथं आधी नाव आलं, मोजणी नंतर झाली. मोज आता माझ्याबरोबर.”

मामांची मोजणी अशी. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे बरोबर पाच गुंठे. पण योजनेच्या नियमानुसार या पाचातले तीस टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा होतात. साडेबाराचे तीस टक्के म्हणजे पावणेचार. उरले पावणेनऊ टक्के. एकरामागे हातात येतात साडेतीन गुंठे. मामा चार एकरांचा हिशेब कागद-पेन्सिलीशिवाय करतात: “औट चोक चौदा. कागदावर वीस गुंठे, हातात चौदा.”

या ‘औट’पाशी भाची भान विसरते, आणि वाद बाजूला ठेवून तिथे थोडं थांबायला हवं, कारण मराठीतला हा फार देखणा शब्द आता विस्मरणात चालला आहे. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. मामांना तो त्यांच्या वडिलांनी शिकवला. संस्कृतात साडेतीनला ‘अर्धचतुर्थ’ म्हणत, म्हणजे चौथा अर्धा: तीन पुरे झाले, चौथ्यातला अर्धाच आला. प्राकृतात त्याचं ‘अद्धुट्ठ’ झालं आणि मराठीत घासून ‘औट’. हिंदीतल्या जुन्या पाढ्यांत हाच ‘हुंठा’. ‘अडीच’ हाही त्याच रीतीनं घडलेला, अर्धतृतीय, तिसरा अर्धा. दीडमध्येही दोन आणि अर्धा दडलेले आहेत. म्हणूनच मराठीत ‘साडेएक’ नाही आणि ‘साडेदोन’ही नाही. साडे म्हणजे सार्ध, ‘अर्ध्यासहित’. ही सोपी जोडणी तीनापासून पुढे चालते, कारण एक आणि दोन यांच्या पुढच्या जागा जुन्या शब्दांनी अजून सोडलेल्या नाहीत. औटनं मात्र आपली जागा साडेतीनला दिली. तो आता उरला आहे ‘औट हात देह’ म्हणणाऱ्या संतांच्या परंपरेत, ॐकाराच्या औट मात्रांत, आणि मामांसारख्यांच्या तोंडी. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, मागोमाग किलो-मीटर आले आणि या पाढ्यांची रोजची गरज संपली.

पावणे हा शब्द उलट्या अंगानं चालतो. पादोन, पाव कमी. साडे खालच्या संख्येत भर घालतो, पावणे वरच्या संख्येतून काढून घेतो. साडेबाराचं पावणेनऊ होताना आकडा घटतो, आणि योगायोगानं तो सांगणारा शब्दही वजाबाकीचाच आहे.

हे चौथ्या अर्ध्याचं मोजमाप फक्त आपल्याकडचं नाही. जर्मन माणूस साडेतीन वाजले की आजही ‘अर्धे चार’ म्हणतो. रोमन लोकांचं ‘सेस्टर्शियस’ हे नाणं म्हणजे ‘तिसरा अर्धा’, हुबेहूब आपला अडीच. ते अडीच ‘अ‍ॅस’चं होतं म्हणून हे नाव. भाची हे नाणं लगेच वादात खर्च करते. इसवी सनापूर्वी १४१च्या सुमाराला रोमनं नाण्यांचे दर बदलले आणि सेस्टर्शियस चार अ‍ॅसचा झाला. नाव तसंच राहिलं, अडीचच. त्याच्यावरचा डेनारियस, म्हणजे ‘दहाचं नाणं’, सोळाचा झाला. त्याचंही नाव तेच राहिलं. हाच डेनारियस संस्कृत ग्रंथांत ‘दीनार’ होऊन आला आणि आपल्याकडे त्यात दहा आहेत हे कुणाच्या गावीही नाही.

“अडीचचं चार झालं, हे बरंच आहे की,” मामा म्हणतात.

“तसं नाही. चांदी वाढली नव्हती, तांब्याचा अ‍ॅस हलका झाला होता.”

“म्हणजे तिथंही कुणीतरी तांबं तोललंच होतं.”

यावर भाचीनं मामांना त्यांच्याच बाजारात नेऊन पकडलं. कळंबोलीचा लोखंड बाजार म्हणजे मुंबईतल्या गर्दीतून बाहेर आणलेला पोलादाचा व्यापार: गोदामं, क्रेन, ट्रेलर, आणि बांधकामाच्या सळयांचे ढीग. सळई आता मिलिमीटरमध्ये येते: आठ, दहा, बारा, सोळा, वीस. पण गवंडी आणि जुने व्यापारी दहाच्या सळईला ‘तीन सूत’ म्हणतात आणि बाराच्या सळईला ‘चार सूत’. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे चार सूत अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. सळई असते १२ची. “तुम्ही तीस वर्षं चार सूत म्हणून बाराची सळई काट्यावर चढवलीत,” भाची म्हणाली. “तेव्हा नाव आणि माप जुळत नाही म्हणून गाडी परत पाठवलीत का?”

मामांचं उत्तर या सगळ्या वादातलं सर्वांत वजनदार वाक्य आहे. “बाय, पैसे नावावर कधी घेतले नाहीत. काट्यावर घेतले.”

त्यांनी ते सोडवून सांगितलं. सळईच्या जाडीचा वर्ग करायचा, १६२नं भागायचं, की मीटरमागे किलो मिळतात. बाराची सळई मीटरला ०.८८९ किलो भरते, बारा मीटरची अख्खी सळई साधारण दहा किलो सहाशे-सातशे ग्रॅम. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, मग रिकामी घ्यायची, फरकाचे पैसे. गिऱ्हाईक सळईला चार सूत म्हणो, बारा एमएम म्हणो, काटा आपला आकडा दाखवतो. नाव सैल असलेलं चालतं, कारण शेजारी काटा उभा आहे. “जमिनीच्या बाबतीत साडेबारा हाच काटा होता. काट्यालाच जर नाव म्हणायला लागलो, तर तोलायचं कशावर?”

इथे लेखकाला मामांच्या बाजूला झुकावंसं वाटतं. भाषाविज्ञान शब्दाचा वापर सांगतं, आणि वापर हाच अर्थ, हे भाषेपुरतं खरं आहे. पण साष्टी, त्रीखा केद, चार सूत या नावांच्या मागे मोजण्याची दुसरी काहीतरी सोय होती: गावांची यादी, सरदाराचा हिशेब, बाजारातला काटा. जिथे शब्द हेच आश्वासन आहे तिथे त्याला ‘नुसतं नाव’ म्हणणं ही साधी नोंद राहत नाही, ती एका बाजूला फायद्याची ठरते.

भाची हे मान्य करत नाही, पण तिच्याकडे आणखी एक गोष्ट आहे. ‘तान बो कूलन्ये’, म्हणजे कूलन्येची गुरं पळवून नेल्याची कथा, हे जुन्या आयरिशमधलं सर्वांत प्रसिद्ध वीराख्यान. इसवी सन ११०० च्या सुमाराची एक पोथी आणि बाराव्या शतकातली लेन्स्टरची पोथी यांत ते आपल्यापर्यंत पोहोचलं आहे. मेव राणीची फौज अल्स्टर प्रांतावर चालून निघते. तीत अठरा त्रीखा केद आहेत. त्यांतली अठरावी तुकडी गालियोन नावाच्या लेन्स्टरच्या योद्ध्यांची. ते इतके तरबेज असतात की राणीलाच त्यांची भीती वाटते. त्यांना मारून टाकावं असंही तिच्या मनात येतं. तडजोड म्हणून ती अठरावी तुकडी फोडून बाकीच्या सगळ्या फौजेत वाटून टाकतात. अल्स्टरच्या बाजूनं एकटा कू खुलिन उभा आहे. तो वाटेवरचा माग तपासतो आणि शत्रू किती ते मोजतो. अठरा त्रीखा केद, असं तो सांगतो. आयर्लंडमधल्या अतिशय अवघड मोजण्यांपैकी ती एक होती असं कथा म्हणते, कारण अठरावी तुकडी सगळ्यांत विखुरली होती आणि त्यानं मोजणीत घोळ होत होता.

भाचीनं ही गोष्ट सांगितली ती ‘त्रीखा केद’ हा शब्द हजार वर्षांपूर्वी फौजेला कसा लावत ते दाखवायला. मामांनी ऐकली ती वेगळ्याच कानांनी. “म्हणजे अठरावा भाग सगळ्यांत मिसळला तरी त्यानं अठराच मोजले. सतरा नाही म्हणाला.”

“नाही.”

“आमचे पावणेचार टक्के कुठं गेले? रस्ता, शाळा, बाग. सगळ्यांत वाटले. ते वाटले गेले म्हणून मूळ आकडा बदलतो का? त्या तुझ्या गड्याला मोजता आले, मग इथं का नको?”

मिसळलेली तुकडी फौजेतच राहते. सामाजिक सुविधांची जागा मात्र मूळ मालकाच्या नावावर राहत नाही. त्यामुळे मामांचं हे साम्य तंतोतंत जुळत नाही. उलट रस्ते-शाळांचा उपयोग गावालाही होतो, हे योजनेच्या बाजूनं म्हणण्यासारखं आहेच, आणि भाचीनं ते म्हटलंही. मामा म्हणाले, “होतो. मग आकडा सांगतानाच पावणेनऊ सांगायचा होता.”

जुन्या आयरिशमध्ये संख्येनं स्वतःशीच विसंगत वागावं असंही एक उदाहरण आहे, आणि ते मराठी माणसाला पटकन कळेल. माणसं मोजताना आपण ‘दोन माणसं’ याबरोबरच ‘दोघे’ म्हणतो. दोघे, दोघी, तिघे, तिघी, चौघे, चौघी. पाचापासून हे आटतं आणि ‘पाच जण’ सुरू होतं. हिंदीभाषकाला किंवा इंग्रजीभाषकाला ही सोय नाही. जुन्या आयरिशला होती, आणि चौघांवर न थांबता दहापर्यंत होती: दोघांना ‘दीअस’, तिघांना ‘त्रीअर’, सहा जणांना ‘शेशेर’. सात जणांना मात्र ‘मोरेशेर’. त्याचा शब्दशः अर्थ ‘मोठे सहा’. सहा असं म्हणायचं, मोठे असं विशेषण लावायचं आणि समजायचं सात. आयर्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या कुणी गोंधळलं नाही.

“हे बरं आहे,” मामा म्हणाले. “मोठे सहा म्हणजे सात, हे देणाऱ्यालाही ठाऊक, घेणाऱ्यालाही ठाऊक. साडेबारा म्हणजे पावणेनऊ, हे जमीन देताना कोणाला ठाऊक होतं?”

मराठीतसुद्धा न मोजणारे आकडे भरपूर आहेत, याची आठवण भाचीनं करून दिली. ‘चार लोक काय म्हणतील’ यात चार नसतात, ‘सतराशे साठ भानगडी’ कुणी मोजत नाही, ‘असे छप्पन्न पाहिलेत’ म्हणणाऱ्याकडे यादी नसते. वीस मणांची खंडी कोकणात भात मोजायचं अगदी पक्कं माप. पण ‘खंडीभर कामं’ म्हटलं की वीसही गेले आणि मणही. उलट ‘साडेसाती’ पाहा. शनी एका राशीत अडीच वर्षं, राशी तीन, म्हणून साडेसात वर्षं. नाव झालं, लोक त्याला भिऊ लागले, तरी ज्योतिषी हिशेब चोख ठेवतो; सात वर्षं सहा महिन्यांचं माप त्यानं सोडलेलं नाही. संख्यावाचक शब्द नाव झाला की मोजणं सुटतंच असं नाही. भाचीच्या मूळ मुद्द्याला हा तिनं स्वतःच लावलेला अडसर होता, आणि तो तिच्या लक्षात आला.

म्हणून तिनं बाजू बदलून हल्ला केला. “बरं, मोजायचंच असेल तर सगळंच मोजू. ‘पंच्याण्णव गावं’ हे काय आहे?”

नवी मुंबईच्या परिसरात हा दुसरा आकडा नाव होऊन फिरतो. सभांच्या फलकांवर, निवेदनांत, भाषणांत ‘पंच्याण्णव गावचे भूमिपुत्र’ असं म्हटलं जातं. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाली त्या वेळी अधिसूचित झालेली गावं ८६ होती. १९७३ मध्ये आणखी नऊ जोडली गेली. ८६ आणि ९ मिळून ९५. त्या गावांभोवती आज शहरं आहेत. कळंबोली, कामोठे, खारघर ही नावं आता नोडची आहेत, सेक्टरांची आहेत. २०१६ पासून पनवेल महानगरपालिका आहे. “गावठाणं इमारतींनी वेढली, ग्रामपंचायती गेल्या,” भाची म्हणाली. “आज पंच्याण्णव गावं मोजायला निघालात तर गाव म्हणायचं कशाला, इथूनच भांडण सुरू होईल. तरी तुम्ही पंच्याण्णव म्हणता. मग ते नाव नाही तर काय?”

मामा थोडे थांबले. “ते नाव आहे,” त्यांनी कबूल केलं. “आणि ते तसंच राहू दे. पंच्याण्णव म्हटलं की कुणाला वगळता येत नाही. नव्वद म्हणायला लागलो तर पाच गावं कुठली गळाली ते कुणी विचारणार नाही.”

म्हणजे थिजलेला आकडाही मामांना हवा आहे, हक्काची चौकट म्हणून. आणि आता भाची मोजणी मागते आहे. दोघांच्या जागा इथे उलटल्या, पण त्यामुळे कुणाचाच मुद्दा पडला नाही. पंच्याण्णव हे नाव टिकलं म्हणून त्या नावाखाली एकत्र येणं टिकलं, आणि साष्टी-तिसवाडीच्या नावांनी जे केलं तेच या नावानं अर्ध्या शतकात केलं. फरक इतकाच की साष्टीच्या नावावर आज कुणाचा दावा अवलंबून नाही.

पुढे बोलणं १९८४ कडे गेलं. त्या वर्षी १६ आणि १७ जानेवारीला जासई परिसरात आणि उरणच्या बाजूला जमिनीच्या प्रश्नावर आंदोलन झालं. नेतृत्व दि. बा. पाटील यांचं; ते स्वतः जासईचे. पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. साडेबारा टक्क्यांची योजना या लढ्यातून निघाली, हे या भागात लहान पोरालाही ठाऊक असतं. मामांचा आवाज इथे बदलतो. “पाच,” ते म्हणतात. “त्या पाचाला तू नाव म्हणणार नाहीस. त्यांची घरं मी दाखवतो.”

भाचीनं पाचाला नाव म्हटलं नाही. तिनं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांची आठवण केली. ‘एकशे पाच हुतात्मे’ हे शब्द महाराष्ट्राच्या तोंडी इतके बसले की पुढे यादीत भर पडून १०६ आणि १०७ हे आकडे आले तरी जुनी माणसं एकशे पाचच म्हणत राहिली. तिला म्हणायचं होतं की आदरानं घेतलेला आकडाही थिजतो. मामांना त्यातून दुसरंच दिसलं: यादी वाढली, कारण कुणीतरी नावं घेऊन पुन्हा मोजायला बसलं होतं. भाचीनं मान हलवली. यादी उघडी राहिली तर आकडा थिजला तरी बिघडत नाही, हे तिला मान्य होतं. आयर्लंडमधल्या त्या जुन्या परगण्यांचा आज अभ्यास होऊ शकतो तोही नॉर्मन कारकुनांनी कॅन्ट्रेडचे कागद ठेवले म्हणून; नुसत्या ‘तीस शतं’ या नावावरून कुणाला सीमा आखता आल्या नसत्या.

सध्या या भागातल्या मागण्यांत एक नवं नाव रुजतं आहे: ‘पावणेचार’. वजा झालेले ३.७५ टक्के परत द्या, या मागणीचं ते लघुरूप. नवी मुंबईच्या विमानतळासाठी स्थलांतरित झालेल्या गावांच्या मोबदल्यातून ‘साडेबावीस’ हा आणखी एक शब्द आधीच चलनात आला. भाचीच्या दृष्टीनं हे सगळं फार मौल्यवान आहे, कारण संख्येचं नाव होताना सहसा ते कुणी पाहिलेलं नसतं. साष्टीचं कधी झालं, त्रीखा केदचं कधी झालं, ते अंदाजानं सांगावं लागतं. इथे टपरीवर बसून ऐकता येतं की ‘पावणेचार टक्के’ म्हणणारे किती आणि नुसतं ‘पावणेचार’ म्हणणारे किती.

तिनं मामांना एक व्यवहार्य सूचनाही केली. मामा शेजाऱ्यांसाठी जे तक्ते तयार करतात त्यांच्या वर ‘साडेबारा टक्के भूखंड’ असं शीर्षक असतं. त्याऐवजी सरळ ‘८.७५ टक्के’ लिहावं. शब्द आणि क्षेत्र जुळेल, नव्या पिढीची फसगत होणार नाही.

“क्षेत्राचे रकाने तीन कर,” मामा म्हणाले. “मूळ जमीन एक, पाच गुंठ्यांचा हिशेब दुसरा, साडेतीनचा तिसरा. शीर्षक साडेबाराच ठेव. वर पावणेनऊ लिहिलंस तर दीड गुंठा मागायचा कशाच्या आधारावर?”

“म्हणजे नाव हवंय तुम्हाला.”

“नाव हवंय, आणि त्याच्याखाली तिन्ही रकाने हवेत.”

तक्ता त्याप्रमाणे झाला. तिसऱ्या रकान्याच्या डोक्यावर भाचीनं ‘साडेतीन गुंठे’ लिहिलं होतं. मामांनी ते वाचून पुढे कंसात चौरस मीटर मांडायला सांगितले, ३५४, कारण भूखंडाच्या कागदावर आकडा मीटरमध्येच येतो आणि पडताळा त्याच्याशी घ्यायचा असतो.